झडतीचे वीस डाव

२ जून

वकीलबाई यांस नमस्कार.

तुमचं खरं नाव कार्डांच्या दुकानदाराने पाकिटावर लिहून दिलं आहे, पण माझ्या मुलाच्या वहीत तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वकीलबाईच आहात, म्हणून तसंच लिहितो. राग मानू नका. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईला वकील का म्हणायचं, असं मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक नव्या कार्डावरून कोर्टात उभी असल्यासारखी भांडायची.

मी त्याचा बाप. तो एकोणतीस मार्चला गेला, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी तुम्ही आला होतात म्हणे. मला कुणाचेच चेहरे आठवत नाहीत. औषधांच्या गोदामात उभ्या-उभ्या मेंदूतली शीर फुटली आणि अठ्ठावीस वर्षांचा पोरगा तासाभरात संपला. त्याची आई सहा वर्षांपूर्वीच गेली, त्यामुळे आता घरात मी आणि भिंती. तुम्हाला फोनच करणार होतो, पण हल्ली बोलता-बोलता माझा आवाज बंद पडतो आणि समोरच्याला हॅलो-हॅलो करत बसावं लागतं. पत्रात ती अडचण नाही.

मुद्द्याचं सांगतो. मी चौतीस वर्षं वजनकाटे तपासायच्या खात्यात होतो. दुकानात जायचं, काट्यावर आपली वजनं ठेवायची, काटा खरा असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर जप्त करायचा. मुलानेही असं काहीतरी ठोस करावं अशी माझी इच्छा. तो मात्र नोकरीतून उरलेला सगळा वेळ या रंगीत कार्डांच्या खेळात घालवायचा. मी त्याला बोललो, आणि कमी बोललो नाही. पोरखेळ म्हटलं, आयुष्याचं मातेरं म्हटलं. शेवटची दोन वर्षं आमचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं.

परवा त्याची वही हाताला लागली. पानापानावर एकेका नव्या कार्डाचं नाव, खाली वीस ओळी, आणि तळाला शून्य ते चारमधला एक आकडा. अशी त्रेपन्न कार्डं आहेत. अक्षर ओळखीचं, पण त्यातलं ओ की ठो मला कळत नाही. शेवटचं पान 'झडती' नावाच्या कार्डाचं. तिथे त्याने चार लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. दुकानदाराला दाखवलं तर त्याने मान हलवली. या कार्डावरून दुकानात खेळायला जमणाऱ्या सगळ्या क्लबने त्याला वेड्यात काढलं होतं म्हणाला.

म्हणून तुम्हाला विचारतो. ते कार्ड खरंच चारच्या लायकीचं आहे का? माझा मुलगा त्याच्या कामात हुशार होता का? हे मी त्याला कधीच विचारलं नाही.

— त्याचे वडील


११ जून

काका, नमस्कार.

तुमचं पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरतेय. कामावर दोनदा काढून वाचलं आणि एका आजोबांची कवळी बिघडवून ठेवली. उशीर झाला, माफ करा. आणि मला अहो-जाहो करू नका, मी त्याच्याहून वर्षाने लहान आहे.

आधी आकड्याचं सांगते. आमच्या खेळात प्रत्येकाची साठ कार्डांची गड्डी असते आणि त्यात एकच कार्ड जास्तीत जास्त चार वेळा ठेवता येतं. दर तीन महिन्यांनी नवी कार्डं निघतात. त्यातली बरीचशी नुसती देखणी असतात, स्पर्धेत नेली की नाक कापतात. कामाचं कुठलं आणि दिखाऊ कुठलं, हे आधी ओळखायचं. शून्य म्हणजे डब्यात टाका. चार म्हणजे याच्याशिवाय घराबाहेर पडू नका.

बाकीचे कार्ड नुसतं वाचून आकडा ठोकून देतात. त्याला ते चालायचं नाही. त्याने क्लबात नियमच पाडला होता, वीस डाव खेळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दहा डावांत पहिली पाळी आपली, दहांत समोरच्याची. आणि ज्याचा विरोध असेल त्यानेच समोर बसायचं, म्हणजे कुणी भिडेखातर हरणार नाही. माझा विरोध कायमचाच, त्यामुळे बहुतेक वेळा समोर मीच असायचे. जिंकताना कार्ड काय करतं ते बघू नकोस, तो मला सांगायचा, जिंकताना सगळीच कार्डं गुणी वाटतात. हरायला लागलो आणि हे हातात आलं तर काय, तेवढंच बघ.

आता झडती. हे कार्ड टाकलं की समोरच्याच्या हातात अमुक एक कार्ड आहे, असं नाव घेऊन सांगायचं. ते निघालं तर त्याला ते टाकून द्यावं लागतं आणि आपण दोन कार्डं उचलतो. नाही निघालं तर आपली पाळी तिथेच संपते. क्लबचं म्हणणं होतं की हा आंधळा जुगार आहे. तो म्हणायचा की समोरचा कसा खेळतोय, काय मागे ठेवतोय, यावरून त्याचा हात, म्हणजे हातातली कार्डं, ओळखता येतो.

काका, तो बरोबर होता. झडती चारच्याच लायकीचं आहे. आम्ही सगळे चुकलो. तो हुशार होता, आमच्यात सगळ्यांत हुशार होता.

— तुमची वकीलबाई


२४ जून

चि. वकीलबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन-अडीच महिन्यांनी दाढी केली. एवढंच सांगतो, बाकी तू समजून घे.

पण मी पडलो तपासणीस. दुसऱ्याच्या सांगण्यावर शिक्का मारायची सवय नाही. नियमांचं पुस्तक उघडलं, ते सगळं डोक्यावरून गेलं. मग दुकानदाराने दोन दुपारी मला बसवून शिकवलं. त्याच्या दुकानात ज्या टेबलाशी मी बसलो तिथे सगळे माझी नातवंडं शोभतील अशा वयाचे. मला आधी वाटलं हसतील. कुणी हसलं नाही, उलट एकाने उठून पंखा माझ्याकडे वळवून दिला.

त्याच्या कपाटात दोन गड्ड्या रबरबँड लावून शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. एक त्याची, झडती घातलेली. दुसरीवर चिठ्ठी, 'वकीलबाई'. तुझी गड्डी इथेच राहिली की काय? त्या दोन्ही घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. पाळी बदलली की उठून पलीकडच्या खुर्चीत जायचं, आणि इकडचा हात पालथा घालून विसरून जायचा. गुडघ्यांनी बोंब मारली, पण वीसच्या वीस डाव पुरे केले, पाच दिवस लागले.

निकाल असा की माझी झडती तेरा वेळा बरोबर पडली. त्याच्या वहीत चौदा. बापलेकांत एका डावाचा फरक. मी ते दोन कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. पोरगं बरोबर होतं गं. मी ज्याला पोरखेळ म्हणत होतो त्यात तो इतकं चोख काम करत होता, आणि मी भिंतीपलीकडे बसून तोंड वाकडं करत होतो.

वहीत प्रत्येक ओळीला 'समोर' असा रकाना आहे. झडतीच्या वीसही ओळींत तिथे वकीलबाई लिहिलंय. वीस डाव बसलीस, चौदा वेळा पकडली गेलीस, तरी उठली नाहीस. त्याला असं कुणीतरी होतं, याचं मला फार बरं वाटतं.

आता एक काम. क्लबचं महिन्याचं पत्रक निघतं, बाहेरगावचे खेळाडूही ते मागवतात म्हणे. त्यात झडतीचं हे पान त्याच्या नावाने छापायचं मी ठरवलंय. दुकानदार जरा का-कू करत होता, पण बापापुढे काय बोलणार. पंधरा जुलैपर्यंत मजकूर द्यायचाय. समोर बसणारी म्हणून तू वर चार ओळी लिहून दे.

— काका


२८ जून

काका,

घाईत लिहितेय, कामावर फार गर्दी आहे. पान एवढ्यात छापायला देऊ नका. पत्रक वाचणारे लोक खवचट असतात, उगाच काहीबाही बोलतील. पुढच्या अंकात बघू. नाहीतर त्याच्या जुन्या पानांतलं एखादं देऊ, 'बुरुज' किंवा 'आरसा', ती पानं फार सुंदर आहेत. चार ओळी मी त्यावर लिहीन.

तब्येत सांभाळा. गुडघ्यांना त्रास देऊ नका.

— वकीलबाई


३ जुलै

वकीलबाईस,

नोकरीत एक गोष्ट मी बघितली. दुकानाचा काटा खरा असला की मालक माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही, आपलं गिऱ्हाईक करत राहायचा. खोटा असला की मी वजनांची पेटी उघडायच्या आत माझ्यासाठी चहा यायचा. तुझं मागचं पत्र म्हणजे तसला चहा आहे.

म्हणून पुन्हा वही काढली. जे आधीच करायला हवं होतं ते आता केलं, तारखा बघितल्या. झडतीचे दहा डाव पंधरा मार्चचे, दहा सोळा मार्चचे. दुकानदाराला सहज विचारलं, तर तो म्हणाला की तू जानेवारीतच नवी नोकरी धरून गाव सोडलंस, आणि मार्चमध्ये दुकानात पाऊल ठेवलं नाहीस. पंधरा-सोळाला माझा मुलगाही घरीच होता. आमच्याकडे कुणी आलं नाही.

मग समोर कोण होतं?

मला खरं सांग. बरं वाटावं म्हणून सांगितलेलं खरं नव्हे, खरं ते सांग. तू चार म्हणालीस आणि मी ते छातीशी धरून बसलोय. ते खोटं असेल तर मला आजच कळू दे, पत्रक छापून आल्यावर त्याच्या नावाला लोक हसताना नको.

— त्याचे वडील


८ जुलै

काका,

समोर कुणी नव्हतं.

जानेवारीत निघताना मी त्याला सांगितलं होतं की एक शनिवार आड येईन. दोनदा आले. मग नवी जागा, नवे लोक, बसचे चार तास, आणि खरं सांगायचं तर आळस. मार्चमध्ये नवी कार्डं निघाली तेव्हा त्याचा फोन आला. झडतीवरून आमची नेहमीसारखी जुंपली. मी शून्य म्हटलं. तो म्हणाला, विरोध तुझा आहे, तुलाच समोर बसावं लागेल. मी म्हटलं, शून्याच्या कार्डासाठी चार तास बसमध्ये आदळत यायला मला वेड लागलेलं नाही. तो हसला आणि म्हणाला, ठीक आहे, बघतो कुणी मिळतं का. आमचं ते शेवटचं बोलणं.

कुणी मिळालं नसणार. क्लबाने आधीच शून्य ठरवलं होतं, आणि शून्याच्या कार्डावर वीस डाव कुणी घालवत नाही. मी तिथे असते तर भांडून का होईना, बसले असते.

माझी गड्डी तिथे राहिलेली नाही, काका. माझी माझ्याकडेच आहे. ती दुसरी त्याने बनवली. मी काय-काय खेळते ते त्याला तोंडपाठ होतं. त्याने माझी गड्डी मांडली आणि माझ्या वाटचे वीस डावही तोच खेळला. तुमच्या पत्रात तो रकाना वाचला आणि मी हातातलं काम टाकून जिन्यात जाऊन बसले. त्याने खोटं लिहिलेलं नाही. त्याच्या मते समोर मीच होते.

चूक तिथेच झाली. झडती म्हणजे समोरचा हात ओळखणं. दोन्ही हात आपणच उचललेले असले की कितीही ठरवलं तरी विसरता येत नाही. कुठलं कार्ड मागे ठेवलंय हे मनाला माहीत असतं, आणि आपल्याला वाटतं आपण अंदाज केला. म्हणून त्याचे चौदा आले आणि म्हणूनच तुमचे तेरा. तुमचं पहिलं पत्र आल्यावर मी इथे खऱ्या माणसांना समोर बसवून वीस डाव खेळले. पाच वेळा बरोबर पडली. म्हणजे मला माहीत होतं, काका. माहीत असून मी तुम्हाला चार लिहिलं.

तुम्ही विचारलं होतं तो हुशार होता का. याचं उत्तर मी घाईने दिलं, आता नीट देते. त्रेपन्न कार्डांतल्या एकेचाळिसांचा आकडा त्याने बरोबर सांगितला, तेही स्पर्धा सुरू व्हायच्या आत. देशभर खेळणाऱ्या लोकांनाही एवढं जमत नाही. जिथे चुकला तिथे त्याने नंतर स्वतः लाल शाईने लिहिलंय, 'चुकलो, कारण', आणि पुढे कारण. ती पानं वाचा. मी इतकी वर्षं भांडतेय, पण माझी चूक मी एकदाही अशी लिहिलेली नाही. झडतीच्या पानावर लाल शाई यायला त्याला वेळ मिळाला नाही. समोर माणूस असता तर तिसऱ्या-चौथ्या डावातच त्याने आकडा खोडला असता.

तो माणूस मी असायला हवी होते. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही मला शिव्या दिल्यात तरी चालेल.

— वकीलबाई


१४ जुलै

पोरी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. शिव्या द्यायच्या असत्या तर त्या कुणाला द्यायच्या ते मला कळतंय, आणि तो माणूस तुझ्या गावात राहत नाही.

आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की दुकानाचा काटा दुकानातल्या वजनांनी तपासायचा नाही, आपली वजनं बाहेरून न्यायची. चौतीस वर्षं मी ते नव्या लोकांना सांगत आलो. आणि जेवणाच्या टेबलावर मी पाच दिवस नेमकं तेच केलं, वर तेरा आले म्हणून हरखून गेलो. तेव्हा त्याला मी काय नावं ठेवणार. त्याची चूक ती माझीही, फक्त मला पेन्शन मिळते.

लाल शाईची पानं वाचली. अकरा आहेत. एके ठिकाणी लिहिलंय, 'चुकलो, कारण कार्ड आवडलं होतं.' मी आयुष्यात चुकून जप्त केलेल्या काट्यांबद्दल कधी असं लिहिलं नाही. तो चांगला तपासणीस होता. हे मी आता माझ्या अनुभवाने सांगतो, तुझ्या सांगण्यावरून नाही.

झडतीचं पान मी काल पत्रकाला दिलं. चार खोडून खाली लिहिलं, 'शून्य. आधीचा आकडा चुकला, कारण समोर कुणी नव्हतं.' नाव त्याचंच ठेवलं. दुकानदार म्हणाला, असलं पान आजवर कुणी दिलं नाही. मी म्हटलं, छाप.

आता तू जे मनाशी धरून बसली आहेस त्याबद्दल. तू बसचे चार तास लांब होतीस. तुझ्यानंतर आणि क्लबातल्या लोकांनंतर तो आणखी एकाकडे गेला होता, ते तुला माहीत नाही. मी तुला हे न सांगता गप्प बसू शकलो असतो. पण मग सगळा भार तू एकटीने वाहत राहशील आणि ते खरं होणार नाही.

पंधरा मार्चची सकाळ. नाश्ता झाला होता. तो त्या दोन गड्ड्या घेऊन बाहेरच्या खोलीत आला आणि माझ्या खुर्चीसमोर उभा राहिला. आम्ही तसं बोलत नव्हतो, तरी आला. म्हणाला, "बाबा, थोडा वेळ समोर बसाल का? तुम्हाला काही यायची गरज नाही. वाटेल ते कार्ड टाका, चुकलं तरी चालेल. फक्त तुमच्या हातात काय आहे ते मला दिसता कामा नये."

मी पेपरमधून मान वर केली नाही. म्हटलं, मला काम आहे. तो बरं म्हणाला आणि गड्ड्या घेऊन आपल्या खोलीत गेला.

मला काही काम नव्हतं.

— बाबा